विद्युत एसयूव्हींमधील एअर सस्पेन्शन

एअर सस्पेन्शन ही पोलादी स्प्रिंगांऐवजी दाबाखालील हवेने भरलेल्या रबरी भात्यांवर वाहनाचा भार तोलून धरणारी यंत्रणा होय. या भात्यांत हवा भरून किंवा त्यांतून हवा सोडून वाहनाची जमिनीपासूनची उंची बदलता येते. ही यंत्रणा बस, मालमोटारी आणि महागड्या मोटारींमध्ये अनेक दशके वापरात आहे. मूळ उद्देश प्रवास सुखकर करणे आणि भार वाढला तरी वाहन समतल ठेवणे हा होता. विजेवर चालणाऱ्या एसयूव्हींमध्ये तिला आणखी दोन कामे मिळाली. महामार्गावर वाहन खाली घेऊन हवेचा विरोध घटवणे व त्यायोगे बॅटरीचा पल्ला वाढवणे हे त्यांपैकी एक. आणि खडबडीत रस्त्यावर वाहन वर उचलून तळाशी बसवलेल्या बॅटरीला आघातापासून दूर ठेवणे हे दुसरे. ही दोन कामे परस्परविरोधी आहेत. त्यामुळे अशा वाहनाची उंची ही कायम ठरलेली गोष्ट राहत नाही; वेग, भार व रस्ता पाहून संगणकाने वेळोवेळी घ्यावयाचा तो निर्णय ठरतो.

इतिहास

दाबाखालील वायूचा स्प्रिंगसारखा उपयोग करण्याची कल्पना जुनी आहे. फ्रान्सच्या सिट्रोएन कंपनीने १९५५ साली सादर केलेल्या डीएस या मोटारीत वायू आणि तेल यांचा एकत्रित वापर करणारी यंत्रणा होती. तीत वायूचे प्रमाण कायम राहत असे आणि उंची तेलाच्या साहाय्याने बदलली जात असे. निखळ हवेवर चालणारी यंत्रणा अमेरिकेत १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रूम या मोटारीत आली. मात्र त्या काळातील यांत्रिक झडपा व जोडण्यांमधून होणाऱ्या गळतीमुळे ती फारशी रुजली नाही. जर्मनीच्या मर्सिडीज-बेंझने १९६१ पासून ३०० एसई या मोटारीत एअर सस्पेन्शन दिले.

इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आल्यानंतर चित्र पालटले. १९८४ च्या लिंकन मार्क ७ या मोटारीत आणि १९९२ मध्ये रेंज रोव्हरमध्ये संगणकाने नियंत्रित होणारे एअर सस्पेन्शन बसवण्यात आले. रेंज रोव्हरमध्ये एकच वाहन रस्त्यासाठी खाली आणि डोंगराळ वाटेसाठी वर घेता येऊ लागले. २००० साली आलेल्या ऑडीच्या ऑलरोड या मोटारीत उंचीच्या चार पायऱ्या होत्या. टेस्लाच्या मॉडेल एस (२०१२) व मॉडेल एक्स (२०१५) या विद्युत वाहनांत ही यंत्रणा उपलब्ध झाली. त्यानंतर जॅग्वार आय-पेस, ऑडी ई-ट्रॉन, मर्सिडीज-बेंझ ईक्यूएस एसयूव्ही, रिव्हियन आर१एस इत्यादी वाहनांनी तिचा अवलंब केला.

प्रमुख घटक

• हवेचा भाता: मजबूत धाग्यांचे थर घातलेली रबरी नळी एका दंडगोल दट्ट्यावर उलटी दुमडून बसवलेली असते. चाक वरखाली होताना रबर दट्ट्याच्या पृष्ठभागावर लोळते. काही वाहनांत भाता आणि शॉक ॲब्सॉर्बर एकाच खांबात असतात, तर काहींमध्ये ते वेगळे असतात.
• कॉम्प्रेसर: विजेच्या छोट्या मोटारीवर चालणारा दट्ट्याचा पंप. विद्युत वाहनात इंजिनाचा आवाज नसल्याने त्याची घरघर सहज ऐकू येऊ शकते. म्हणून तो रबरी आधारांवर आणि आच्छादनात बसवतात.
• शुष्कक: बाहेरून घेतलेल्या हवेतील बाष्प शोषून घेणाऱ्या कणांनी भरलेला डबा. हवा बाहेर सोडताना ती याच डब्यातून उलट दिशेने जाते आणि कणांतील ओलावा सोबत घेऊन जाते.
• टाकी: आधीच दाबून ठेवलेल्या हवेचा साठा. टाकीतील दाब भात्यातील दाबापेक्षा बराच जास्त असल्याने वाहन पटकन उचलता येते आणि कॉम्प्रेसर दर वेळी चालवावा लागत नाही.
• झडपांचा संच: प्रत्येक भात्याकडे जाणारी वाट स्वतंत्रपणे उघडणाऱ्या व बंद करणाऱ्या विद्युतचुंबकीय झडपा.
• उंचीचे सेन्सर: चाकाला धरणारी दांडी आणि वाहनाची चौकट यांमध्ये छोट्या जोडदांडीने जोडलेले सेन्सर. दांडीचा कोन बदलला की त्यावरून त्या कोपऱ्यातील उंची कळते.
• नियंत्रण संगणक: उंची, वेग, ब्रेक, दरवाजे आणि चालकाने निवडलेली स्थिती यांची माहिती घेऊन झडपा व कॉम्प्रेसर यांना आदेश देणारा घटक.

कार्यपद्धती

दाब आणि उंची

भात्यात जास्त दाब निर्माण केल्यामुळे वाहन वर उचलले जाते, असा एक सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात वाहन स्थिर असताना भात्यातील दाब भारावरून ठरतो आणि उंची भात्यातील हवेच्या प्रमाणावरून ठरते.

भात्याने तोललेला भार म्हणजे त्यातील हवेचा वातावरणापेक्षा अधिक असलेला दाब आणि भात्याचे परिणामी क्षेत्रफळ यांचा गुणाकार. समजा, एका भात्यावर ६५० किलोग्रॅम भार आहे, भात्याचे परिणामी क्षेत्रफळ ११५ चौ. सेंमी. आहे आणि तो थेट चाकाच्या रेषेत बसवला आहे. भाराचे बल सुमारे ६,४०० न्यूटन होते आणि ते तोलण्यासाठी सुमारे ५.५ बार दाब लागतो. वाहन ३० मिमी. उचलायचे झाल्यास भार बदलत नाही; म्हणून उचलल्यानंतरही दाब जवळजवळ तेवढाच राहतो. बदलते ते आयतन. भात्याचे आयतन सुमारे ०.३५ लिटरने वाढते आणि ही वाढ त्याच दाबाच्या हवेने भरून काढण्यासाठी वातावरणातील सव्वादोन लिटर हवा लागते. चारही भात्यांसाठी मिळून हे प्रमाण सुमारे ९ लिटर होते.

याउलट प्रवासी व सामान चढल्यामुळे त्याच भात्यावरील भार ७८० किलोग्रॅम झाला, तर भाता दाबला जाऊन आतील दाब सुमारे ६.६ बारपर्यंत वाढतो आणि वाहन खाली बसते. पूर्वीची उंची पुन्हा मिळवण्यासाठी संगणक आणखी हवा भरतो.

भार वाढल्यावरील वर्तन

पोलादी स्प्रिंगचा ताठरपणा ठरलेला असतो. ज्या स्प्रिंगवर वाहन सेकंदाला सुमारे १.२ वेळा आंदोलित होते, ती स्प्रिंग मूळ भाराखाली सुमारे १७ सेंमी. दबलेली असते. भार २० टक्क्यांनी वाढला की ती आणखी सुमारे ३.५ सेंमी. दबते. वाहन तेवढे खाली येते आणि चाकाला वर जाण्यासाठी उरलेली जागाही तेवढीच कमी होते. हे टाळण्यासाठी ताठर स्प्रिंग वापरली, तर रिकाम्या वाहनात धक्के बसतात.

हवेच्या स्प्रिंगमध्ये ही अडचण बऱ्याच अंशी दूर होते. भार वाढला की दाब वाढतो आणि दाब वाढला की हवेचा ताठरपणाही जवळपास त्याच प्रमाणात वाढतो. त्यामुळे आंदोलनांची कंप्रता रिकाम्या आणि भरलेल्या वाहनात साधारणपणे सारखीच राहते. काही वाहनांत भात्याला दोन किंवा तीन कप्पे असतात. सर्व कप्पे जोडलेले असताना हवेचे आयतन मोठे असते आणि स्प्रिंग मऊ लागते. झडप लावून एखादा कप्पा तोडला की तीच स्प्रिंग ताठर होते. अशा प्रकारे उंची न बदलताही वाहनाचा स्वभाव बदलता येतो.

हवेची स्प्रिंग आंदोलने स्वतः थांबवत नाही. ते काम शॉक ॲब्सॉर्बरचे असते. म्हणून एअर सस्पेन्शनच्या जोडीला बहुधा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने नियंत्रित होणारे शॉक ॲब्सॉर्बर दिले जातात.

उंचीचे नियंत्रण

चालत्या वाहनात सेन्सरने दाखवलेली उंची प्रत्येक खड्ड्यागणिक बदलते. प्रत्येक बदलाला संगणक प्रतिसाद देऊ लागला, तर झडपा अखंड उघडझाप करत राहतील. म्हणून संगणक काही काळातील सरासरी उंची विचारात घेतो. ब्रेक लावल्यावर वाहनाचे नाक खाली झुकणे किंवा वळणावर एक बाजू दबणे हे तात्पुरते बदल दुर्लक्षित केले जातात. भार वाढल्याने आलेला टिकाऊ बदल मात्र दुरुस्त केला जातो.

अनेक वाहनांत उचलताना आधी मागची बाजू आणि उतरवताना आधी पुढची बाजू हलवतात. त्यामुळे दिव्यांचा झोत समोरून येणाऱ्यांच्या डोळ्यांवर जात नाही. दरवाजा उघडा असताना उंची बदलणे थांबवण्याची सोयही अनेक वाहनांत असते. वाहन उंच स्थितीत असताना ठरावीक वेगमर्यादा ओलांडली गेली, तर ते आपोआप खाली घेतले जाते. कारण गुरुत्वमध्य वर गेल्यास वळणावरील स्थैर्य घटते.

उंचीच्या सर्वसाधारण पायऱ्या पुढीलप्रमाणे असतात.

• चढण्याउतरण्याची स्थिती: वाहन उभे असताना सर्वांत खाली, प्रवाशांना आणि सामान ठेवण्यास सोयीची.
• महामार्ग स्थिती: नेहमीच्या उंचीपेक्षा साधारणपणे १० ते ३० मिमी. खाली, ठरावीक वेगानंतर आपोआप लागू होणारी.
• सामान्य स्थिती: शहरातील व दैनंदिन वापरासाठी.
• उंच स्थिती: कच्चा रस्ता, खोल चाकोऱ्या किंवा उंच गतिरोधक यांसाठी, मर्यादित वेगापर्यंतच.

विद्युत वाहनांतील विशेष महत्त्व

पल्ला

वाहनाला पुढे जाताना मुख्यतः दोन विरोधांवर मात करावी लागते: टायर फिरताना होणारा विरोध आणि हवेचा विरोध. पहिला वेगानुसार फारसा बदलत नाही; दुसरा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एसयूव्हीचा आकार मोठा व उंच असल्याने तिच्या बाबतीत हवेचा विरोध लवकर वरचढ ठरतो.

वाहन खाली आणल्याने हा विरोध दोन कारणांनी घटतो. वाहनाच्या तळाखालून जाणारी हवा कमी होते आणि चाकांचा हवेच्या झोतात उघडा पडणारा भाग चाककमानीत झाकला जातो. विद्युत वाहनाचा तळ बॅटरीमुळे मुळातच सपाट असतो. तरीही फिरती चाके व त्यांच्या भोवतीची पोकळी हा विरोधाचा मोठा स्रोत राहतोच.

यातून होणाऱ्या लाभाचा अंदाज एका उदाहरणावरून येतो. २,५०० किलोग्रॅम वजनाची, ०.२८ रोध गुणांकाची आणि २.६५ चौ. मी. समोरील क्षेत्रफळाची एसयूव्ही ताशी १२० किमी. वेगाने जात असताना हवेचा विरोध सुमारे ४९५ न्यूटन असतो. टायरांचा विरोध सुमारे २४५ न्यूटन धरल्यास एकूण विरोध ७४० न्यूटन होतो. वाहन खाली घेतल्याने हवेचा विरोध ३ टक्के घटला असे मानले, तर सुमारे १५ न्यूटन, म्हणजे एकूण विरोधाच्या २ टक्के बचत होते. ९० किलोवॅट-तासांच्या बॅटरीवर एका भारणात सुमारे ३९५ किमी. जाणारे असे वाहन मग सुमारे ८ किमी. अधिक जाते. ताशी ६० किमी. वेगाला मात्र हवेचा विरोध चौथ्या हिश्श्यावर येतो आणि तीच बचत १ टक्क्यापर्यंत घसरते. शहरात वाहन खाली घेण्याचे कारण त्यामुळे उरत नाही.

वाहन पुन्हा वर उचलण्यासाठी लागणारी ऊर्जा त्या मानाने नगण्य असते. सुमारे ४०० वॅटचा कॉम्प्रेसर अर्धा मिनिट चालल्यास १२ किलोज्यूल ऊर्जा खर्च होते. वरील उदाहरणातील १५ न्यूटनांच्या बचतीतून ती एका किलोमीटरच्या आत भरून निघते. त्याच दोन टक्क्यांसाठी अधिक मोठी बॅटरी बसवायची झाल्यास तिचे वजन आणि किंमत वाहनाला कायम वागवावी लागते.

बॅटरीचे संरक्षण

इंजिनाच्या वाहनात तळाशी धूरनळी, गिअरपेटी, इंधनटाकी असे विखुरलेले भाग असतात. विद्युत एसयूव्हीत पुढच्या व मागच्या चाकांमधली जवळपास सर्व जागा बॅटरीने व्यापलेली असते. २०१८ च्या ऑडी ई-ट्रॉनची बॅटरी सुमारे २.२८ मी. लांब, १.६३ मी. रुंद आणि सुमारे ७०० किलोग्रॅम वजनाची होती. एवढे वजन तळाशी असल्याने गुरुत्वमध्य खाली राहतो आणि वाहन उलटण्याचा धोका घटतो. परंतु वाहनाचा सर्वांत महाग व ऊर्जेने भरलेला भाग रस्त्याच्या सर्वांत जवळ येतो. कवच भेदून आतील घट दबले गेले, तर त्यांच्यात अंतर्गत जोड होऊन आग लागू शकते. ही आग काही वेळ उलटल्यावरही भडकू शकते आणि ती विझवणे अवघड असते.

या संघर्षाचे सर्वपरिचित उदाहरण २०१३ मधील आहे. त्या वर्षी ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील केंट येथे टेस्लाची एक मॉडेल एस मोटार रस्त्यावर पडलेल्या धातूच्या तुकड्यावरून गेली. तो तुकडा तळाला भिडून बॅटरीचे कवच भेदले गेले आणि आग लागली. नोव्हेंबरमध्ये टेनेसी राज्यात रस्त्यावरील धातूच्या वस्तूमुळेच तशी दुसरी घटना घडली. दोन्ही घटनांमध्ये चालक सुखरूप बाहेर पडले. मॉडेल एस ही एसयूव्ही नसून बैठी मोटार आहे. पण तिची तळाशी पसरलेली बॅटरी आणि वेगानुसार खाली येणारे एअर सस्पेन्शन ही रचना पुढे अनेक विद्युत एसयूव्हींनीही स्वीकारली.

अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने नोव्हेंबर २०१३ मध्ये चौकशी सुरू केली. त्याच महिन्यात टेस्लाने एअर सस्पेन्शन असलेल्या वाहनांच्या आज्ञावलीत दूरस्थपणे बदल केला. महामार्गावरील वेगाला वाहन पूर्वीइतके खाली येणार नाही, असा तो बदल होता. वाहन कार्यशाळेत न नेता, केवळ संगणकीय आज्ञा बदलून हजारो वाहनांची जमिनीपासूनची उंची एकाच वेळी बदलली गेली. मार्च २०१४ मध्ये कंपनीने तळाच्या पुढच्या भागात ॲल्युमिनियमचा पोकळ दांडा, टायटॅनियमचा पत्रा आणि ॲल्युमिनियमची भरीव उतरती पट्टी असे तिहेरी संरक्षण जाहीर केले. त्यामुळे पल्ल्यात केवळ ०.१ टक्क्याचा फरक पडतो, असे कंपनीने सांगितले. त्याच महिन्याच्या अखेरीस प्रशासनाने चौकशी बंद केली.

या घटनाक्रमातून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. उंची वाढवल्याने आघाताची शक्यता घटते. पण उंची हे कवचाला पर्याय ठरत नाही, कारण रस्त्यावरील वस्तू किती उंच असेल याची खात्री देता येत नाही. दुसरे असे की, एअर सस्पेन्शनच्या आज्ञावलीतील काही मिलिमीटरांचा फरक हा सुरक्षिततेचा प्रश्न होऊ शकतो. बॅटरीच्या तळावरील आघाताचा विचार पुढे नियमांतही शिरला. चीनच्या जीबी ३८०३१-२०२५ या मानकात बॅटरीच्या तळावर आघात करून पाहण्याची चाचणी समाविष्ट असून त्याची अंमलबजावणी जुलै २०२६ पासून ठरवण्यात आली.

अडथळा ओलांडण्याची क्षमता

लांब चाकांतर हे विद्युत एसयूव्हींचे वैशिष्ट्य आहे, कारण मोठी बॅटरी दोन ॲक्सलांच्या मध्ये बसवावी लागते. चाकांतर जितके लांब, तितका वाहनाचा मधला भाग उंचवट्यावर टेकण्याचा संभव अधिक. टायरांची त्रिज्या विचारात न घेता साधा भूमितीय हिशेब केल्यास ३ मी. चाकांतराच्या आणि १७० मिमी. उंचीच्या वाहनाला सुमारे १३ अंशांचा उंचवटा पोट न घासता ओलांडता येतो. वाहन ५० मिमी. उचलल्यास हा कोन जवळपास १७ अंश होतो.

निवडक वाहने

• ऑडी ई-ट्रॉन (२०१८): उंचीतील एकूण फरक ७६ मिमी. वेगाने जाताना वाहन सामान्य स्थितीच्या २६ मिमी. खाली येते. कच्च्या रस्त्यासाठी ते ३५ मिमी. आणि गरज पडल्यास आणखी १५ मिमी. उचलता येते.
• जॅग्वार आय-पेस (२०१८): एअर सस्पेन्शन पर्यायी. ताशी १०५ किमी.पेक्षा अधिक वेग काही काळ टिकला की वाहन १० मिमी. खाली येते; चढण्याउतरण्यासाठी ते ४० मिमी.ने उतरते.
• रिव्हियन आर१एस: सर्वांत उंच स्थितीत जमिनीपासूनचे अंतर सुमारे ३७.८ सेंमी. यात वळणावरील कलणे रोखण्यासाठी नेहमीची पोलादी दांडी नसून शॉक ॲब्सॉर्बर तेलाच्या नळ्यांनी परस्परांना जोडलेले आहेत.
• जीएमसी हमर ईव्ही: खडकाळ जागी अडकल्यास वाहन सुमारे १५ सेंमी. वर उचलणारी विशेष स्थिती.
• टेस्ला मॉडेल एक्स: वाहन कोणत्या ठिकाणी वर उचलले होते, हे उपग्रह स्थाननिर्देशाच्या साहाय्याने लक्षात ठेवून त्या ठिकाणी पुन्हा आल्यावर ते आपोआप उचलण्याची सोय. ही सोय टेस्लाने प्रथम २०१४ मध्ये मॉडेल एससाठी दिली होती.

मर्यादा आणि बिघाड

एअर सस्पेन्शन पोलादी स्प्रिंगपेक्षा महाग व गुंतागुंतीचे असते. रबरी भाता कालांतराने दुमडीच्या जागी तडकतो आणि हवा झिरपू लागते. वाहन रात्रभर उभे राहिल्यावर एखादा कोपरा खाली बसलेला दिसणे हे गळतीचे नेहमीचे लक्षण आहे. गळती भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर वारंवार चालतो, तापतो आणि अखेरीस निकामी होतो. त्यामुळे किरकोळ गळतीकडे दुर्लक्ष केल्यास दुरुस्तीचा खर्च वाढतो. शुष्ककाची शोषणक्षमता संपल्यास यंत्रणेत पाणी शिरते. त्यामुळे झडपा गंजतात आणि कडाक्याच्या थंडीत नळ्यांमध्ये बर्फ होऊन त्या तुंबू शकतात.

तापमानाचाही उंचीवर परिणाम होतो. २० अंश सेल्सिअसला उभे केलेले वाहन रात्रीत उणे १० अंशांपर्यंत थंड झाले, तर बंदिस्त हवेचे आयतन सुमारे १० टक्क्यांनी आकसते आणि गळती नसतानाही वाहन थोडे खाली बसते.

उंची बदलली की चाकांचा कल आणि चाकांना फिरवणाऱ्या दांड्यांचे कोनही बदलतात. वाहन सतत खालच्या स्थितीत चालवल्यास टायरांची आतली कड लवकर झिजू शकते. सर्वांत उंच स्थितीत चाकाला आणखी खाली जाण्यासाठी फारशी जागा उरत नाही. त्यामुळे चाक खड्ड्यात उतरताच ते मर्यादेला आदळते आणि प्रवास खडखडीत होतो. चालकाला साहाय्य करणारे कॅमेरे व रडार विशिष्ट उंची गृहीत धरून जुळवलेले असतात. म्हणून उंचीच्या सेन्सरची दुरुस्ती झाल्यावर त्यांची फेरजुळणी आवश्यक ठरू शकते.

चाक बदलण्यासाठी वाहन जॅकवर घेण्यापूर्वी उंचीचे स्वयंचलित नियंत्रण बंद करणे गरजेचे असते. तसे न केल्यास संगणक बदललेली उंची दुरुस्त करू पाहतो आणि वाहन जॅकवर असतानाच भात्यांतील हवा कमीजास्त होते. याच कारणासाठी उत्पादक जॅकसाठी किंवा वाहन ओढून नेण्यासाठी स्वतंत्र स्थिती देतात.

भारतातील स्थिती

भारतात एअर सस्पेन्शन असलेल्या विद्युत एसयूव्ही प्रामुख्याने महागड्या गटात मिळतात. पुणे जिल्ह्यातील चाकण येथील मर्सिडीज-बेंझच्या कारखान्यात ईक्यूएस एसयूव्हीची जुळणी होते. ५८० ही आवृत्ती सप्टेंबर २०२४ मध्ये सादर झाली. चाकण येथेच तयार होणाऱ्या महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या विद्युत एसयूव्हींमध्ये मात्र पोलादी स्प्रिंग असून त्यांची जमिनीपासूनची उंची २०७ मिमी. अशी कायम आहे. उंची बदलता येत नसेल, तर खराब रस्त्याचा विचार करून ती आधीच जास्त ठेवावी लागते आणि महामार्गावर त्याची किंमत पल्ल्याच्या रूपाने मोजावी लागते. त्या बदल्यात वाहन स्वस्त राहते, गळतीचा प्रश्न उद्भवत नाही आणि दुरुस्ती सर्वत्र होऊ शकते.

भारतीय रस्त्यांवर गतिरोधक हा उंचीचा रोजचा निकष आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या आयआरसी ९९ या मार्गदर्शिकेच्या १९८८ च्या आवृत्तीनुसार गोलाकार गतिरोधक १७ मी. त्रिज्येचा, ३.७ मी. रुंद आणि १० सेंमी. उंच असावा. अशा गतिरोधकावर ३.२ मी. चाकांतराची एसयूव्ही आडवी असताना तिची दोन्ही बाजूंची चाकेही गतिरोधकाच्या उतारावरच असतात; त्यामुळे तिच्या पोटाखाली सुमारे ८ सेंमी. जागा असली तरी पुरते. अडचण होते ती या मापात न बसणाऱ्या अरुंद आणि उंच गतिरोधकांची. त्यांवर पुढची व मागची चाके सपाट रस्त्यावर असतात आणि मधोमध बॅटरीखाली गतिरोधकाची पूर्ण उंची येते. भरलेले वाहन पोलादी स्प्रिंगवर आधीच काही सेंटिमीटर दबलेले असते; एअर सस्पेन्शन तेवढी उंची राखून ठेवते आणि गरजेनुसार वाढवूही शकते.